मढला गेलेला स्टिरिओ

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय व्हॅलू,

अनेक आशीर्वाद. तू, हर्षद आणि ऋतिका मजेत असाल. ऋतिका सहावीत की सातवीत, यावरून आज सकाळी माझं आणि नादियाचं वाजलं. मी सहावी म्हणालो. ती म्हणाली, सख्ख्या भाचीची इयत्ता माहीत नसलेल्या मामाने गप्प बसावं. तिलाही खात्री नव्हती, पण बायको आहे, बोलली.

अंधेरीहून बोरिवलीला पत्र पाठवणारा माणूस म्हणजे येडाच, हे मला कळतं. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, त्याबद्दल तक्रार नाही. पत्राला तसं काही करता येत नाही, म्हणून पत्र.

आज आगेरा, आपला सुगीचा सण. नव्या भाताच्या लोंब्या फादरनी आशीर्वादित केल्या आणि घरटी एक वाटली. लोंब्या पालघरहून आणल्या होत्या. आपल्या शेतांत काचेची ऑफिसं उभी आहेत, तिथे आता काय पिकतं ते तुला माहीतच आहे. पप्पांनी लोंबी नेहमीसारखी दारावरच्या खिळ्याला बांधली. नादियाने पोर्कचं इंद्याल केलं होतं, तळलेल्या फुग्या मात्र यंदा जरा दडस झाल्या. आईचा हात कोणाला येत नाही.

आता मुद्द्याचं. आपला स्टिरिओ विकला.

ऑगस्टमध्ये तो बंद पडला. लाइट नाही, आवाज नाही, रेकॉर्डची तबकडी फिरत नाही. मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला, आतला बोर्ड गेलाय, याचे पार्ट आता कोणी बनवत नाही. पप्पांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली वस्तू, कधीतरी जाणारच होती. पप्पाच म्हणाले, विकून टाक. यज्ञेश म्हणून एक जण आहे, शूटिंगला जुनं सामान पुरवतो. त्याने नेला. सध्या तो मढ बेटावर एका बंगल्यात सीरियलच्या सेटवर आहे.

आणि नेमकी आपली मावसबहीण नॅन्सी त्या युनिटला दुपारचे डबे देते. काल तिचा फोन आला. म्हणाली, झाकणावर मेणबत्तीचा काळा डाग असलेला स्टिरिओ जगात एकच आहे, तो इथे काय करतोय. तो डाग तू आठ वर्षांची असताना नाताळात पाडलास आणि नाव माझं सांगितलंस, हे मी अजून विसरलेलो नाही. असो. नॅन्सीच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुला तिच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी हे पत्र.

तुला आधी विचारायला हवं होतं असं नादियाचं म्हणणं आहे. तू कामात असशील म्हणून त्रास दिला नाही. स्टिरिओखालच्या ड्रॉवरमधलं तुझं सोल्डरिंग आयर्न, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि तो छोटा ब्रश माझ्याकडे नीट ठेवलाय.

पप्पा ठीक आहेत.

तुझा मोठा भाऊ,
शेर्विन


मरोळ गावठाण
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

प्रिय व्हॅलू,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. हर्षदचा मेसेज आला होता, "दादा, पत्र मिळालं. तिने वाचलं." तेवढाच. तो मला अजून दादा म्हणतो. मी तो मेसेज कामावर, कार्गोच्या गेटवर उभा राहून वाचला आणि फोन खिशात टाकला. वीस वर्षं दुनियाभरच्या पेट्या चढवतोय-उतरवतोय, पण एका ओळीचं उत्तर जमलं नाही.

मागच्या पत्रात मी काही गोष्टी गाळल्या. नादियाने ते पत्र पोस्टात टाकण्याआधी वाचलं होतं. दोन दिवसांनी भांडी पुसता पुसता म्हणाली, "छान लिहिलंस. मेकॅनिकने बोर्ड बघायच्या आधी तो कोणी बघितला, तेवढं राहिलं."

तर ते लिहितो. मेकॅनिकच्या आधी मी हात घातला होता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पप्पा आठ दिवस नॅन्सीकडे मढला राहायला गेले होते. बंद स्टिरिओकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मीच सोडून आलो. येताना डोक्यात आलं, ते परत येईपर्यंत चालू करून ठेवायचा. दार उघडल्याबरोबर गाणं लागलेलं असेल. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. सगळे म्हणतात, जुना सेट मेला की कॅपॅसिटर बदला. ठाम आवाजात सांगतात. मी कॅपॅसिटर आणले, रजा टाकली आणि तुझं आयर्न काढलं.

पहिल्या दिवशी दोन बदलले, चालू झाला नाही. दुसऱ्या दिवशी चार बदलले. मग वाटलं, सोल्डरचे टाके कच्चे राहिले असतील, म्हणून आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवायला लागलो. तू कसं करायचीस ते मी दारातून पाहिलेलं. तुझ्या हातून एक छोटा धूर निघायचा आणि काम झालेलं असायचं. माझ्या हातून धूरच निघत राहिला. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उचलून वर आल्या. त्या मी नखाने दाबून बसवायला गेलो तर तुटल्या. तिसऱ्या दिवशी नादिया आत आली, खिडकी उघडली आणि आयर्नचा प्लग काढून ते घेऊन गेली.

त्यानंतर मेकॅनिक. त्याने बॅटरी मारून आत बघितलं आणि विचारलं, "कोणी हात घातला ह्याच्यात?" मी म्हटलं, असेल शेजारचं कोणीतरी. त्याने माझ्या अंगठ्याला बांधलेली पट्टी बघितली आणि झाकण लावून टाकलं. पुढे काही तपासायच्या भानगडीत तो पडलाच नाही.

पप्पा आले तेव्हा मी सगळं पुसून, झाकून ठेवलं होतं. पण आयुष्य स्टुडिओत इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसाच्या नाकापासून काय लपवणार. दारातच थांबले. झाकण उघडलं, वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "विकून टाक," म्हणाले आणि पाय धुवायला मागे गेले.

यज्ञेशला मी आधीच सांगितलं की वाजत नाही. तो म्हणाला, "वाजायला कशाला पाहिजे, साउंड आम्ही नंतर टाकतो. समोरची लाइट लागली पाहिजे फक्त." त्याची माणसं न्यायला आली तेव्हा पप्पा बाहेर ओट्यावर पाठ करून बसले होते. एकदाच बोलले, तेही मागे न बघता. "दाराशी तिरका धरा, नाहीतर मागचा पाय अडकतो."

पप्पा ठीक आहेत असं मी लिहिलं होतं. ते ठीक नाहीत. जेवतात, चर्चमध्ये मिस्साला जातात, औषधं घेतात, पण बोलत नाहीत. त्यांची खुर्ची अजून त्या कोपऱ्याकडे तोंड करून असते. नादियाने तिथे मनी प्लांट ठेवला, त्यांनी उचलून मोरीत ठेवला. सकाळी फडकं घेऊन सगळं घर पुसतात तेव्हा त्या रिकाम्या जागेची लादीसुद्धा पुसतात.

स्टिरिओ बंद पडला तेव्हा पप्पांनी तुझं नाव काढलं होतं. त्याबद्दल एक अख्खं पान लिहिलं आणि फाडलं. आज एवढंच जमतंय.

तुझा भाऊ,
शेर्विन


मरोळ गावठाण
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

व्हॅलू,

आज आशीर्वाद लिहीत नाही. द्यायचा अधिकार आहे की नाही ते पत्र संपल्यावर तूच ठरव.

आज मृतांचा दिवस. पप्पांना घेऊन सकाळी सातला कबरस्तानात गेलो. आईची कबर आमच्या आधीच कोणीतरी पुसून ठेवली होती. झेंडूचा हार होता, मेणबत्ती अर्धी जळली होती आणि आईच्या नावातली धूळ अक्षराअक्षरातून ब्रशने काढलेली होती. तू आम्हाला टाळून सातच्या आत येऊन गेलीस. पप्पांनी वाकलेली मेणबत्ती सरळ केली आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले. त्यांना कळलं. मलाही कळलं. घरी आलो आणि लिहायला बसलो.

मंगळवारी यज्ञेशचा फोन आला होता. म्हणाला, "अरे शेर्विन, तुझ्या सेटमध्ये फ्यूजच नव्हता. आमच्या लाइटवाल्याने मागचं बूच फिरवलं तर आत रिकामं. त्याने दुसरा टाकला तर समोरची लाइट झकास लागली."

मी विचारलं, उडाला असेल का? तो म्हणाला, "उडालेला फ्यूज जागेवर असतो ना यार. हा कोणीतरी काढून घेतलाय."

लाइट लागते. आवाज येत नाही तो मी बोर्ड जाळला म्हणून. म्हणजे सेटला काहीही झालं नव्हतं. एक काचेचा फ्यूज काढलेला होता. बाकी जे झालं ते सगळं मी केलं.

फोन ठेवला तेव्हा पप्पा समोरच बसले होते. मी विचारलं, "पप्पा, फ्यूज?" त्यांनी काही नाटक केलं नाही. शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, उघडलं आणि कापडाच्या घडीतून फ्यूज काढून तळहातावर धरला. ऑगस्टपासून खिशात होता. रोज मिस्साला नेत होते.

तुला नियम माहीत आहे. मला त्याची पार्श्वभूमी माहीत आहे, कारण ती मीच आहे. मी चौदा वर्षांचा होतो, क्रिकेट खेळून आलो, पप्पांचा हात स्टिरिओत होता आणि मी बटण दाबलं. त्यांचा हात आठवडाभर सुन्न होता. त्या दिवसापासून घरात नियम झाला, फ्यूज आधी आपल्या खिशात, मग हात आत. फ्यूज ज्याच्या खिशात, त्याने काम पुरं करून तो परत लावेपर्यंत दुसऱ्याने सेटला शिवायचं नाही. मला त्यानंतर कधीच आत हात घालू दिला नाही. तू नऊ वर्षांची झालीस तेव्हा त्यांनी फ्यूज तुझ्या फ्रॉकच्या खिशात ठेवला. मी दारातून बघत होतो. तेव्हापासून मनात अढी होती हे आज या वयात कबूल करतो. आणि म्हणूनच रिपेअर करायला बसलो तेव्हा फ्यूज बघावा हे माझ्या टाळक्यात आलं नाही. ती तुमच्या दोघांची गोष्ट, असं मी कधीच ठरवून टाकलं होतं.

पप्पांनी तुला घरी बोलवायला फ्यूज काढला होता. व्हॅलू ये, असं सांगायला त्यांना जमत नव्हतं, कारण मग तू का येत नाहीस हे बोलावं लागलं असतं आणि मी समोर असतो. सेट बंद पडला तर तुला यावंच लागेल, त्यांच्या नजरेला आता बारीक काम होत नाही, दुसरा कोण उघडणार. एवढा साधा हिशोब त्यांनी केला होता.

आता ते फाडलेलं पान.

सेट बंद पडला त्याच दिवशी पप्पा म्हणाले, "व्हॅलूला बोलव." मी म्हटलं, बघतो. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "फोन केला होता. तिला वेळ नाही म्हणाली. नाही येत."

मी फोन केला नव्हता. माझा नंबर तू बंद केलायस खरा, पण हर्षदचा चालू आहे, नादियाचा चालू आहे, नॅन्सी आहे. करायचा असता तर दहा रस्ते होते. मला तुला बोलवायचं नव्हतं. तू आली असतीस तर हर्षदही आला असता, आणि त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो?

पप्पांनी तेव्हा मान डोलावली होती. त्यानंतर एकदाही विचारलं नाही. विकून टाक म्हणाले ते बोर्ड जळला म्हणून नव्हे, तू यायला नाही म्हणालीस म्हणून. तू नाही म्हणालीस असं समजून त्या माणसाने दोन महिने काढले, व्हॅलू. माझ्या एका वाक्यावर.

मंगळवारी मी त्यांना सांगितलं. फोन केलाच नव्हता, असं. नादिया दारात उभी होती, तिने डोक्याला हात लावला. पप्पांनी फ्यूज पुन्हा कापडात गुंडाळला. मग विचारलं, "म्हणजे ती नाही म्हणाली नव्हती?"

मी म्हटलं, नाही पप्पा.

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. "म्हणजे व्हॅलू नाही म्हणाली नव्हती ना?" मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी नादियाला सांगितलं, भूक लागलीय, जेवायला वाढ. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मागून भात घेतला. मी समोर बसलो होतो, आमटीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

अजून एक राहिलं. त्यासाठीच हे सगळं चाललंय आणि मी तेच सोडून बाकीचं लिहीत आलोय.

आईला चर्चमधून नेताना पेटीला सहा कड्या होत्या. मागची डावी कडी हर्षदने धरली होती. मी त्याचा हात काढला. सगळ्यांसमोर. "राहू दे, आपली माणसं आहेत," असं म्हणालो आणि शेजारच्या डेल्रॉयला हाक मारली. आई हॉस्पिटलमध्ये होती ते अकरा दिवस हर्षद बोरिवलीहून रोज यायचा, तिचे केस विंचरायचा, तिला चमच्याने पेज भरवायचा. डेल्रॉय एकदा येऊन सफरचंद देऊन गेला होता. आणि मी हात हर्षदचा काढला. हर्षद आपल्या धर्माचा नाही, कोणी नातेवाईक काही म्हणेल, फादर काही म्हणतील, असं तेव्हा मनात होतं. कोणीही काही म्हणणार नव्हतं. म्हणणारा मीच होतो. हर्षद "बरं दादा" म्हणाला आणि मागे जाऊन पप्पांचा दंड धरून चालायला लागला. तू माझ्याकडे बघितलंस. कबरस्तानाच्या फाटकातून तुम्ही परस्पर निघालात. पावणेतीन वर्षं होतील आता. इतके दिवस मी लोकांना सांगत होतो की बहीण माझी तापट आहे, क्षुल्लक गोष्टीवरून रुसली.

क्षुल्लक नव्हतं. मी चुकलो. फार वाईट वागलो.

यज्ञेशला म्हटलं, स्टिरिओ परत दे. तो म्हणाला, आता नाही देता येत, तीन भागांत दिसलाय, भिंतीजवळून एकदम गायब कसा करू? २९ नोव्हेंबरला शनिवारी शूटिंगचा तो सेट मोडणार आहेत. सकाळी दहाला स्टिरिओ टेम्पोत घालून पाठवतो म्हणालाय. त्यांच्या लाइटवाल्याने घातलेला फ्यूज काढून घे, असं मी त्याला बजावून सांगितलंय.

पप्पांच्या खिशातला फ्यूज या पाकिटात आहे. कापसात गुंडाळलाय, पाकीट जपून उघड. त्यांनीच दिला. म्हणाले, "हा तिच्याकडे दे. माझ्या खिशात ठेवून काही होत नाही." तेव्हा आता सेटला मी हात लावणार नाही, पप्पाही लावणार नाहीत. बोर्डाची मी लावलेली वाट तू बघशीलच. पप्पा म्हणतात व्हॅलू तुटलेल्या पट्ट्यांवरून तारा टाकून करेल. नाही झाला तरी ते काही म्हणणार नाहीत. त्यांना कोण येतंय ते बघायचंय.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापर्यंतच येतो, पुढे गल्ली अरुंद. तिथून घरापर्यंत सेट हातानेच आणावा लागतो. आईला नेली तीच गल्ली. यज्ञेशची माणसं मी क्रुसापाशीच परत पाठवणार आहे. एक बाजू मी धरीन. दुसरी हर्षदने धरावी, असं माझं त्याच्याकडे मागणं आहे. त्याला मी आज फोन केला होता. त्याने उचलला, दोनदा "दादा?" म्हटलं आणि मी ठेवला. म्हणून याच पाकिटात त्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी आहे. ती त्याला दे, आधी तू वाचलीस तरी चालेल.

त्याने नाही म्हटलं तर त्याचं बरोबर असेल. पण त्या दिवशी मी दुसऱ्या कोणाला हाक मारणार नाही. सेट क्रुसापाशी ठेवून त्याच्या शेजारी उभा राहीन, दुसरी बाजू मोकळी ठेवून.

तुमचा दोघांचा अपराधी,
शेर्विन